डायल्यूशन, ॲजिटेशन की टाइम: मुंबईच्या पाण्यात रोल धुताना नेमकं काय बदलायचं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. गिरगावातल्या घरी किचनमध्ये फिल्मचे रोल धुतोस, फिल्म इलफर्डची ब्लॅक अँड व्हाइट एचपी५ प्लस, ४०० स्पीडलाच शूट केलेली, मरीन ड्राइव्ह आणि ससून डॉक, डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) इलफर्डचंच आयडी-११. पहिला रोल १+१ मध्ये (एक भाग स्टॉक म्हणजे मूळ घट्ट द्रावण, एक भाग पाणी) १३ मिनिटं, पाणी नळाचं, टेम्परेचर मोजलंच नाही. निगेटिव्ह एवढी काळी आली की स्कॅनरलाही आकाशातलं काही मिळेना. मग कोणीतरी सांगितलं डायल्यूशन (पातळपणा) वाढव आणि हलवणं (ॲजिटेशन) कमी कर, हायलाइट (दृश्यातले उजळ भाग) वाचतात, म्हणून दुसरा रोल १+३, तीन-तीन मिनिटांनी एकदा हलवलं, बर्फ टाकून पाणी २२ च्या आसपास आणलं, १५ मिनिटं, टाकी तीच एका रीलची (फिल्म गुंडाळायच्या चक्रीची) ३०० मिलीवाली. हा रोल फिक्का, आणि आकाशात फिल्मच्या कडेच्या भोकांपासून निघालेले पट्टे. आता विचारतोयस की डायल्यूशन, ॲजिटेशन आणि टाइम या तिघांपैकी काय किती बदलू.

सरळ उत्तर असं की सध्या डायल्यूशन आणि ॲजिटेशन दोन्हीला हात लावू नकोस, फक्त टेम्परेचर धरून ठेव आणि टाइम बदल. तिन्ही गोष्टी एकमेकीत शिरतात हे खरंय पण त्यांची कामं वेगळी आहेत, आणि आपल्याकडे मुंबईत त्यात चौथी गोष्ट म्हणजे गरम पाणी एवढं दादागिरी करतं की बाकी तिघांवर विचार करण्यात अर्थच उरत नाही जोपर्यंत त्याचा बंदोबस्त होत नाही.

पहिल्या रोलचं कारण बघ. इलफर्डच्या चार्टवर एचपी५ प्लस ४०० ला आयडी-११ १+१ मध्ये १३ मिनिटं आहेत, बरोबर, पण ती २० डिग्रीला. एक डिग्री वाढली की टाइम साधारण ९ टक्क्यांनी कमी करावा लागतो, म्हणजे २४ ला १३ ची ९ मिनिटं होतात, आणि २९-३० ला गेलास तर साडेपाच-सहा मिनिटांत काम आटपलेलं असतं. तू पूर्ण १३ दिलीस. गच्चीवरच्या काळ्या सिंटेक्समधून उतरणारं पाणी एप्रिल-मे मध्ये दुपारी ३० च्या पण वर असतं, रात्री दहाला उघडलास तरी नळ कोमटच, कारण टाकी दिवसभर तापलेली. तेव्हा तो रोल दुपटीच्याही वर डेव्हलप झालाय, त्यात डायल्यूशनचा काही दोष नाही आणि हलवण्याचाही नाही.

दुसऱ्या रोलची गंमत वेगळी आहे. १+३ चा चार्टवरचा टाइम २० डिग्रीला २० मिनिटं, २२ ला साडेसोळा धर. तू १५ दिलीस, ही झाली पहिली कपात. हलवणं तीन मिनिटांवर नेलंस, ही दुसरी. ३०० मिलीच्या टाकीत १+३ म्हणजे स्टॉक फक्त ७५ मिली, एवढ्याशा डेव्हलपरने ३६ फ्रेमचा रोल नीट होणं कठीण, ही तिसरी. आणि तू लिहिलंयस की बर्फाचे तीन-चार खडे थेट डेव्हलपरमध्येच टाकले, ते विरघळून ५०-६० मिली पाणी झालं म्हणजे तुझं १+३ प्रत्यक्षात जवळपास १+४ होतं. चारही बदल एकाच दिशेला. रोल फिक्का आला नसता तरच नवल. आणि यातल्या कशामुळे किती फरक पडला हे तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही, हाच तिन्ही एकदम बदलण्याचा खरा तोटा.

तर आधी निगेटिव्ह वाचायला शीक, मग बदल. फिल्मच्या कडेला फॅक्टरीतच एक्स्पोज केलेली अक्षरं आणि फ्रेम नंबर असतात, त्यांचा तुझ्या कॅमेऱ्याशी काही संबंध नाही, त्यामुळे ती फक्त डेव्हलपिंगची साक्ष देतात. अक्षरं ठसठशीत काळी आणि फ्रेम मात्र फिक्की असेल तर एक्स्पोजर कमी पडलंय, डेव्हलपरला शिव्या देऊ नकोस. अक्षरंही राखाडी, मेल्यासारखी, तर डेव्हलपिंग कमी. अक्षरांच्या कडा पसरलेल्या आणि फिल्मचा कोरा भागही धुरकट, तर डेव्हलपिंग जास्त. त्यानंतर शॅडो बघ, म्हणजे निगेटिव्हमधला जवळपास पारदर्शक भाग, डॉकवरच्या कोळणीच्या टोपलीखालची सावली वगैरे. तिथे काहीतरी बारीक तपशील आहे का? असेल तर एक्स्पोजर ठीक. मग हायलाइट, म्हणजे निगेटिव्हमधला सगळ्यात काळा भाग, त्यावरून टाइम ठरतो. शॅडो डेव्हलपिंगच्या सुरुवातीलाच जवळपास पूर्ण होतात आणि नंतर फारशा हलत नाहीत, हायलाइट मात्र शेवटपर्यंत चढत राहतात, म्हणून एक्स्पोजर शॅडोसाठी आणि डेव्हलपिंग हायलाइटसाठी असं जुने लोक सांगतात. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९३९-४० च्या सुमारास याचीच झोन सिस्टीम बांधली, पण ती शीट फिल्मवाल्यांसाठी सोयीची, एकेक शीट वेगळी धुता येते, ३६ फ्रेमच्या रोलवर तिचा अर्धाच उपयोग.

आता पाणी. हट्टाने २० डिग्री करू नकोस. जूनमध्ये ३० च्या खोलीत २० चं डेव्हलपर १३ मिनिटं धरलंस, वर हाताची ऊब, तर शेवटी ते २३ च्या पुढे गेलेलं असतं आणि तू मात्र हिशेब २० चा करतोयस. माझं मत, वर्षभर २४ पकड. एसी असो नसो, २४ सांभाळता येतं, आणि बऱ्याच फिल्मच्या चार्टमध्ये २४ चा रकाना आयता मिळतो, कोडॅकची ट्राय-एक्स ४०० बघ, डी-७६ या डेव्हलपरच्या स्टॉकला २० ला पावणेसात मिनिटं आणि २४ ला पावणेपाच असं दोन्ही दिलेलं आहे.

२४ आणायला बर्फ लागतच नाही, इथेच डायल्यूशन आपल्या कामी येतं आणि हे मला चार्ट वाचून कोणी सांगितलं नव्हतं म्हणून जरा सावकाश सांगतो. १+१ म्हणजे अर्धं पाणी. तुझा स्टॉक खोलीत ठेवून ३० ला असेल तर मिसळायचं पाणी १८ चं घे, दोन्ही समान घेतलंस की सरासरी २४. १८ चं पाणी म्हणजे फ्रिजमधल्या बाटलीत थोडं साधं पाणी घालून थर्मामीटरने जुळवायचं, दोन मिनिटांचं काम. १+३ ला तीन भाग पाणी असतं म्हणून ते २२ चं घेतलं तरी पुरतं. स्टॉकच वापरलास तर मात्र त्याला थंड करायला बाटली बर्फात ठेवून वाट बघत बसावं लागतं. मग टाकी ज्यात ठेवायची तो टब किंवा घमेलं २४ च्या पाण्याने भर, त्यात पाणी गोठवलेली एखादी छोटी बाटली टाकून ठेव, हलवून झालं की टाकी परत त्यातच. बर्फ बाटलीबंदच राहू दे, डेव्हलपरला शिवता कामा नये. सुरुवातीचं आणि ओतून टाकतानाचं असे दोन्ही आकडे लिहून ठेव आणि हिशेब दोन्हीच्या मधल्या आकड्याचा धर.

थर्मामीटर प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या सामानाच्या दुकानात साधा काचेचा मिळतो तोच घे. तो एखादी डिग्री खोटं बोलत असेल तरी चालतं, रोज तेवढंच खोटं बोलला म्हणजे झालं, तुझा टाइम त्याच्याशी जुळवलेला असेल. दर महिन्याला नवा थर्मामीटर घेणाऱ्याचं काही जुळत नाही.

आणि २४ फक्त डेव्हलपरला नाही. स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं), वॉश सगळं तीन-चार डिग्रीच्या आत असू दे. डेव्हलपर १९ चं आणि वॉश थेट नळाखाली ३१ चा, असं केलंस की इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) फुगून मऊ पडतं, नखाचा धक्का लागला तरी ओरखडा, आणि जुन्या पद्धतीच्या काही फिल्मला तर जाळीदार सुरकुत्यासुद्धा येतात. हल्लीच्या फिल्म बऱ्याच सोशिक आहेत पण परीक्षा कशाला घ्यायची. वॉशला इलफर्डची पद्धत वापर, नॉन-हार्डनिंग (फिल्मचा थर कडक न करणारा) फिक्सर असेल तर टाकी त्याच टेम्परेचरच्या पाण्याने भरायची, ५ वेळा उलटी-सुलटी, ओतायचं, परत भरून १० वेळा, परत भरून २० वेळा, संपलं. पाणीकपातीच्या दिवसात अर्धा तास नळ सोडून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि बायकोच्या किंवा आईच्या शिव्याही वाचतात.

आता डायल्यूशन खरं काय करतं. आयडी-११ आणि कोडॅकचं डी-७६ ही व्यवहारात सख्खी भावंडं. डी-७६ चा फॉर्म्युला १९२० च्या दशकापासून सगळ्यांना ठाऊक आहे, लिटरला मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २ आणि सोडियम सल्फाइट चक्क १०० ग्रॅम. सल्फाइट एवढं असतं की ते चांदीच्या कणांच्या कडा थोड्या विरघळवतं, म्हणून स्टॉकमध्ये धुतलेला रोल मऊ, ग्रेन (चित्रातला दाणेदारपणा) दबलेली. १+१ केलंस की सल्फाइट लिटरला ५० ग्रॅमवर येतं, १+३ ला २५, विरघळवणं कमी होतं, ग्रेन जरा टोकदार दिसते पण कडा धारदार होतात. हा एक परिणाम. दुसरा, पातळ डेव्हलपर हायलाइटपाशी लवकर दमतो कारण तिथे काम जास्त, शॅडोपाशी काम कमी म्हणून तिथे तो टिकतो, त्यामुळे हायलाइट थोडे आवरतात. तुला सांगितलेल्या सल्ल्यात तथ्य होतं ते एवढंच. पण १+१ ला हा परिणाम अगदी बेताचा, १+३ ला थोडा जास्त, आणि त्याने ३० डिग्रीत १३ मिनिटं उकडलेला रोल वाचत नाही. तिसरा परिणाम मात्र मुंबईकराच्या सगळ्यात कामाचा, टाइम लांबतो.

म्हणजे बघ, एचपी५ आयडी-११ स्टॉकमध्ये २० ला साडेसात मिनिटं. २८ ला न्यायचं झालं तर साडेतीन मिनिटं होतात. एवढ्या कमी वेळात डेव्हलपर ओततानाचेच दहा-पंधरा सेकंद जड जातात, वरची फ्रेम आणि खालची फ्रेम यात फरक पडतो, पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका असं कोडॅकवालेही सांगतात ते यासाठीच. तेच १+३ मध्ये २० ची २० मिनिटं २६ ला साडेअकराच्या आसपास येतात, आरामात. म्हणजे ज्या दिवशी वीज गेलीये, फ्रिज बंद, पाणी २७-२८ वरून हलत नाही, त्या दिवशी १+३ हे तुझं घड्याळ लांबवायचं साधन. अर्थात एवढ्या वर गेल्यावर ९ टक्क्यांचा हिशेब तंतोतंत चालत नाही, गरमीत हायड्रोक्विनोन मेटॉलपेक्षा जास्त उसळतं आणि कॉन्ट्रास्ट थोडा वर जातो, म्हणून त्या आकड्याला सुरुवात समज आणि पहिला रोल कुणाच्या लग्नाचा घालू नकोस.

डायल्यूशन दुप्पट म्हणून टाइम दुप्पट, असं करू नकोस हेही सांगून ठेवतो. आयडी-११ चेच आकडे बघ, साडेसात, तेरा, वीस. स्टॉकपासून १+३ म्हणजे चौपट पातळ, पण टाइम पावणेतीनपटच्या आत. रॉडिनल या दुसऱ्या डेव्हलपरमध्ये १+२५ ला एचपी५ ची ६ मिनिटं, १+५० ला ११. सरळ गुणाकार कुठेच नाही. आणि चार्ट म्हणजे काही धर्मग्रंथ नाही, आयडी-११ १+१ ला १३ आणि भावंडं म्हटलेल्या डी-७६ १+१ ला त्याच फिल्मसाठी ११ असं इलफर्डनेच छापलंय, दोन्हीवर लोक सुखाने जगतायत. लिहिण्याची पण एक भानगड आहे. १+३ म्हणजे एक भाग स्टॉक तीन भाग पाणी, पण कोणी १:४ लिहिलं तर त्याच्या मनात १+३ आहे की १+४ हे विचारून घे, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

स्टॉक किती पडतो हा मुद्दा लोक सगळ्यात जास्त विसरतात, टाकीत किती मिली बसतं एवढंच बघतात. डी-७६ १+१ साठी कोडॅकचं म्हणणं असं की ३५ एमएमचा ३६ फ्रेमचा एक रोल साधारण ४७३ मिलीमध्ये धुवा, आणि २३७ मिलीच्याच टाकीत धुवायचा असेल तर टाइम १० टक्के वाढवा. यावरून अंदाज घे, रोलमागे स्टॉकच्या २०० मिलीच्या आसपास जायला हवा, कमी गेला तर काळ्या फ्रेम जास्त असलेला रोल, म्हणजे तुझ्यासारखा समुद्र-आकाशवाला, आधी उपाशी राहतो. तेव्हा दोन रीलची टाकी घे, खाली भरलेली रील, वर रिकामी म्हणजे खालची सरकत नाही, आणि ६०० मिली द्रावण. १+१ ला ३०० मिली स्टॉक एका रोलला, पुरून उरतो. १+३ ला १५० मिली पडतो, चालून जातं पण त्याखाली नको. महाग वाटतं? एक लिटरच्या पाकिटात १+१ ने तीन रोल होतात, फिल्मच्या आजच्या किमतीपुढे हे काहीच नाही. आणि एकदा वापरलेलं पातळ डेव्हलपर परत बाटलीत भरू नकोस, वन-शॉट म्हणजे वन-शॉट.

स्टॉकबद्दल अजून एक, पावडर पाकीट अर्धं-अर्धं करून कालवू नकोस, घटक पाकिटात सारखे मिसळलेले नसतात, पूर्ण पाकीट एकदम. छोट्या बाटल्या काठोकाठ भर. आणि जुना स्टॉक म्हणजे नेहमी दमलेलाच असं नाही, डी-७६ चा तर उलट प्रकार, बाटलीत काही आठवडे राहिला की अल्कली वाढत जाते आणि तो आधीपेक्षा जोरात चालतो, कॉन्ट्रास्ट अचानक वाढला आणि तू काहीच बदललं नाहीस तर बाटलीवरची तारीख बघ. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवत असशील तर मोठ्ठं लेबल लाव, घरात लहान मुलं असतात.

पाणी कुठलं वापरायचं असं बरेच जण विचारतात. तलावातून येणारं महापालिकेचं पाणी, तानसा-भातसा-वैतरणाचं, डेव्हलपरला चांगलं चालतं. सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर क्षार जास्त, त्याने पांढरा गाळ आणि सुकल्यावर ठिपके, तिथे आरओचं किंवा डिस्टिल्ड वॉटर घे, निदान स्टॉक कालवायला आणि शेवटच्या धुण्याला तरी.

ॲजिटेशनवर लोक जेवढी मतं देतात तेवढं त्यात खरं तर नाहीये, पण चुकलं तर दिसतं मात्र लगेच. फिल्मच्या पृष्ठभागावर जो डेव्हलपरचा पातळ थर टेकलेला असतो तो काम करून दमतो आणि त्यात ब्रोमाइड साचतं, हलवलं की तो निघून ताजा येतो. न ढवळलेल्या चहासारखं, साखर आहे पण जिथे हवी तिथे नाही. ब्रोमाइड जड असतं, ते खाली घसरतं, आणि भोकांपाशी प्रवाह वेगळा असल्याने तिथून पट्टे ओढले जातात, तुझ्या आकाशात दिसतात ते हेच. उलट जोरजोरात घुसळलं तर भोकांतून डेव्हलपर उसळतो आणि कडेला जास्त काळे ढग येतात. दोन्ही वेळी बिचारं आकाशच सापडतं कारण तिथे लपायला जागा नाही. मरीन ड्राइव्हचा पावसाळी राखाडी रंग म्हणजे ॲजिटेशनची सगळ्यात कडक परीक्षा, ससून डॉकच्या गर्दीच्या फ्रेममध्ये तुला हेच पट्टे दिसलेही नसते.

इलफर्डची पद्धत अशी की पहिल्या १० सेकंदात टाकी ४ वेळा उलटी-सुलटी आणि मग प्रत्येक मिनिटाच्या पहिल्या १० सेकंदात ४ वेळा. कोडॅकची दर ३० सेकंदांनी, ५ सेकंद. दोन्ही चालतात, दोन्हीचे टाइम वेगळे निघतात, तू इलफर्डचा टाइम घेतोयस तर हलवणंही इलफर्डचं घे. प्रत्येक वेळी मनगटाने टाकी थोडी फिरव म्हणजे प्रवाह एकाच वाटेने जात नाही. झालं की ओट्यावर हलकेच आपट, बुडबुडे सुटतात, नाहीतर निगेटिव्हवर गोल स्वच्छ ठिपके येतात. टाकीसोबत येणारी काडी फिरवून हलवायची सोय असते ती मला आवडत नाही, एकाच पातळीत गोल गोल फिरतं सगळं. मशीनवर किंवा रोलरवर सतत फिरवत असाल तर टाइम १५ टक्क्यांपर्यंत कमी करा.

हलवणं कमी करून हायलाइट आवरणं ही युक्ती खरी आहे, पण ती केव्हा, तर पातळ डेव्हलपर, भरपूर द्रावण, एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप (इथे स्टॉप म्हणजे कॅमेऱ्यातलं प्रकाशाचं माप) जास्त दिलेलं, आणि फ्रेममध्ये मोठं सपाट आकाश नसलेलं. उदाहरणार्थ भुलेश्वरच्या गल्लीत दुपारी बारा वाजता, अर्धी गल्ली उन्हात अर्धी अंधारात, तिथे दर दोन मिनिटांनी हलवून बघ, मजा येते. स्टँड डेव्हलपिंगचं, म्हणजे रॉडिनल १+१०० मध्ये तासभर टाकी ठेवून चहा प्यायला जाण्याचं, खूळ तरुण मुलांत बरंच आहे. कमी मेहनतीत बऱ्यापैकी निगेटिव्ह मिळते हे मान्य, पण ३१ डिग्रीच्या खोलीत तासभर म्हणजे धुरकट बेस आणि पट्ट्यांना आमंत्रण. कोणत्या स्पीडला शूट केलं तेच आठवत नसलेला रोल सापडला तर कर, रोजचं काम म्हणून नको.

राहिला टाइम, आणि खरं म्हणजे तोच तुझा एकमेव स्क्रू. बाकी सगळं पक्कं केल्यावर हायलाइट जास्त काळे तर १० टक्के कमी, राखाडी आणि मरगळलेले तर १० टक्के जास्त, एका वेळी एवढंच. १० टक्क्यांच्या खालचा फरक तुला दिसणार नाही आणि ३० च्या वरचा फरक लागत असेल तर कुठेतरी दुसरीच गडबड आहे, परत थर्मामीटरकडे जा. ऑक्टोबरचं कडक ऊन असेल, काळाघोड्याचे पांढरे खांब आणि खाली गडद सावली, तर एक्स्पोजर थोडं सैल ठेवून टाइम १५-२० टक्के कमी. जुलैमध्ये वरळीला सगळंच राखाडी, छाया नाही प्रकाश नाही, तर २० टक्के जास्त. पण हे पूर्ण रोल एकाच उजेडात असेल तर, एका रोलवर सकाळचं डॉक आणि रात्रीची चर्चगेट लोकल असेल तर मधला टाइम दे आणि बाकीचं प्रिंटला किंवा स्कॅनला सांभाळ.

तू स्कॅन करतोस, एन्लार्जरवर प्रिंट मारत नाहीस, त्यामुळे निगेटिव्ह जरा पातळ बाजूला असलेली बरी, स्कॅनरला जाड काळं आकाश भेदता येत नाही. प्रिंट मारणारा मात्र थोडी भरलेली निगेटिव्ह मागेल.

पुशबद्दल, म्हणजे फिल्म तिच्या स्पीडपेक्षा वरच्या स्पीडला शूट करून जास्त वेळ धुण्याबद्दल, विचारलं नाहीस पण विचारशील. १६०० ला शूट करून आयडी-११ स्टॉकमध्ये २० ला १४ मिनिटं. याने फिल्मचा स्पीड वाढत नाही, जे शॅडो एक्स्पोजच झाले नाहीत ते चाळीस मिनिटं ठेवलंस तरी रिकामेच, फक्त मधले टोन वर उचलले जातात आणि कॉन्ट्रास्ट चढतो. पुशसाठी पातळ डायल्यूशन नको, तिथे स्टॉकच बरा.

पुढच्या रोलसाठी लिहून घे. फुकट गेला तरी चालेल असा रोल, पूर्ण ३६ फ्रेम एकाच उजेडात एकच दृश्य, शॅडो पण आणि आकाश पण दोन्ही असलेलं, गिरगाव चौपाटीवर उभा राहून घे हवं तर. चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून अंधारात काम करायची काळी पिशवी) त्याचे तीन तुकडे कर, प्रत्येक वेगळा धुवायचा, न धुतलेले तुकडे काळ्या डब्यात झाकून. आयडी-११ १+१, ६०० मिली, २४ डिग्री, इलफर्डचं हलवणं, पहिला तुकडा ८ मिनिटं, दुसरा ९, तिसरा १०. ओतायला सुरुवात टाइम संपायच्या १० सेकंद आधी, दरवेळी तशीच. स्टॉपला साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तिप्पट पाणी पुरतं. फिक्सरला फिल्म पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट ठेव, फिक्सरने कॉन्ट्रास्ट बदलत नाही तेव्हा तिथे कंजुषी नको. बॅगेत हात घालायच्या आधी पंख्याखाली बसून घाम सुकव आणि प्लास्टिकची रील हाडासारखी कोरडी असू दे, दमट हवेत अर्ध्यावर फिल्म अडकते आणि मग ओढाताणीत चंद्रकोरीसारखे डाग पडतात, ते बघून लोक परत डायल्यूशनलाच दोष देतात.

तिन्ही तुकडे सुकले की खिडकीपाशी पांढऱ्या स्क्रीनवर शेजारी-शेजारी ठेवून, कडेची अक्षरं दिसतील असा एकच फोटो टाक, सोबत प्रत्येकाचं सुरुवातीचं आणि शेवटचं टेम्परेचर. मग ९ वर थांबायचं की साडेआठवर यायचं ते सांगतो.